नंदाची टाच

ऑक्टोबर आला की मी नववीला दगड शिकवते. धड्याचं नाव भारदस्त आहे, पण आत एवढंच आहे की खडक फुटतात, झिजतात, कुजतात आणि या सगळ्याला विदारण म्हणायचं. कायिक, रासायनिक, जैविक असे तीन प्रकार. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. माझी काही हरकत नाही. अंबरनाथच्या शाळेत इतकी वर्षं खडू झिजवल्यावर एवढं कळलंय की अख्खा धडा कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यातली एखादी गोष्ट चिकटून राहिली तरी खूप झालं.

ती चिकटावी म्हणून दरवर्षी पाऊस ओसरला की मी मुलांना पालेगावच्या बाजूला घेऊन जाते. तिथे नव्या बिल्डिंगांच्या रस्त्यासाठी टेकडी उभी कापून काढलीय. कापलेल्या भिंतीत तांबूस-पिवळा मुरूम आणि त्या मुरमात रुतून बसलेले गोल काळे धोंडे. या धोंड्यांना पापुद्रे असतात. नखाने ओढला की एक हातात येतो, खाली दुसरा तयार.

"मॅडम, ये तो कांदा है!" यंदा एक पोरगी ओरडली. दरवर्षी कोणीतरी हे ओरडतंच.

"मग सोल," मी म्हटलं. "फक्त डोळ्यांत पाणी आलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

मुलांना वाटतं, हे धोंडे नदीने घासून गोल केले. नदीचा काही संबंध नाही. मूळ दगड चांगला चौकोनी, भेगाभेगांनी कापलेला असतो. भेगांतून पाणी आत शिरतं आणि चारी बाजूंनी दगड कुजवायला घेतं. सपाट बाजूला मार एकीकडूनच बसतो, कोपऱ्याला मात्र दोन-तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी जातात. बारीक, टोकदार असेल ते पहिलं संपतं, जाड आणि गोल असेल ते मागे उरतं. हे मी फळ्यावर चौकोन काढून आणि त्याचे कोपरे डस्टरने पुसून दाखवते.

मग हातोडीने एक धोंडा फोडायचा. आतून निळाकाळा, ताजा, हाताला गार. बाहेरून तपकिरी, कारण दगडात लोखंड असतं आणि ते तुमच्या-आमच्या खिडकीच्या ग्रिलसारखंच गंजतं. पावसाचं पाणी हवेतून खाली येताना थोडं आंबट होऊन येतं, तेही दगड खातं. दुपारी हाच दगड इतका तापतो की बसवत नाही, पहाटे गार पडतो. तापला की फुगतो, निवला की आवळतो, आणि एक दिवस चिरतो. चिरेत वडाचं रोप येतं आणि उरलेलं काम ते करतं. रस्त्यापलीकडे अजून भाताची दोन-चार खाचरं शिल्लक आहेत. मुलांना मी सांगते, ती माती बघा, ती याच दगडाची बहीण आहे, फक्त वयाने मोठी. मुलं बिल्डिंगकडे बघत असतात. बघू देत बापडी.

यातलं एक वाक्य मात्र मी दरवर्षी घसा खाकरून सांगते. विदारण ही अतिशय संथ प्रक्रिया आहे. पुस्तकात तसंच आहे आणि परीक्षेत तसंच लिहायचं. मी ती प्रक्रिया चहा उकळेपर्यंत पुरी झालेली पाहिलीय. तोसुद्धा ऑक्टोबरच होता.

तेव्हा आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहायचो. एका ओळीत बसकी घरं, समोर अरुंद गल्ली, आणि आमच्या दारात एक ओटा. ओटा अप्पांनी स्वतः बांधला होता. अप्पा म्हणजे माझे वडील, अंबरनाथला रंगाच्या एका कंपनीत केमिस्ट. गवंडी परवडत नव्हता असं नाही, पण सिमेंट कसं कालवायचं हे गवंड्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्यांना वाटायचं. त्यांना सगळंच जास्त कळायचं. भाजीला मीठ किती लागतं तेही.

तो ओटा ओला असताना माझी मोठी बहीण नंदा त्यावर चढली. मोठी म्हणते खरं, पण ती तेव्हा दीड-दोन वर्षांची होती. तुळशीच्या कुंडीजवळच्या कोपऱ्यात तिने एक पाय ठेवला, आणि आई धावत यायच्या आत उमटायचं ते उमटलं. अप्पा थापी घेऊन बुजवायला निघाले. आई म्हणाली, राहू द्या. पुढे दोन पावसाळ्यांनी नंदा तापाने गेली. त्यानंतर पुढच्याच वर्षी मी झाले.

म्हणजे मी माझ्या बहिणीला कधी पाहिलं नाही. मी तिचा फक्त एक पाय ओळखते, उजवा. पाच बोटांचे पाच उथळ खळगे, करंगळीचा तर अगदी डाळीच्या दाण्याएवढा, आणि मागे टाच. टाच चांगली खोल होती, कारण पोरगी घाबरून मागे रेलली असणार. लहानपणी मी त्या पायात माझा पाय ठेवून बघायचे. आधी माझा पाय बरोबर बसला, मग बोटं बाहेर यायला लागली, मग टाचही मावेना. मला ते फार विचित्र वाटायचं. ती माझी ताई होती आणि मी तिच्यापेक्षा मोठी होत चालले होते.

आईने त्या कोपऱ्याचे नियम केले होते. तिथे चप्पल न्यायची नाही. खराटा मारायचा नाही. शेजारच्या देवी आंटी, म्हणजे सिंधी, पापडाच्या धंद्यातल्या, ओट्यावर पापड वाळत घालायच्या तेव्हा तेवढा कोपरा सोडून घालायच्या. पावसाळा संपला की पायात शेवाळ धरायचं. आई पदराचं टोक ओलं करून एकेका बोटातून ते काढायची, बाळाचे कान पुसावेत तसं. पुसून झालं की अंगठा फिरवून बघायची आणि म्हणायची, "आहे. आहे अजून." तेवढं झालं की तिची दिवाळी सुरू व्हायची.

कारण पाय झिजत होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण आईला कळत होतं. वळचणीचं पाणी थेट तिथे पडायचं. दरवर्षी बोटं थोडी उथळ व्हायची.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नाही. ओट्यावर शेवाळाचा गालिचाच झाला आणि आई त्यावरून घसरून पडली. मनगट सुजलं, हाड वाचलं. नंतर ती वांगणीला, तिच्या भावाकडे गेली. तिकडे भात कापणीला आलं होतं. सुजलेल्या हाताने ती काय कापणार होती देव जाणे, पण कापणीला माहेरी जायचं हे तिचं ठरलेलं. जाताना अप्पांना सांगून गेली, "ओट्याचं मी आल्यावर बघीन."

अप्पांना राहवलं नाही. आई पडली म्हणून त्यांना भीती वाटली होती, आणि भीती वाटली की ती ते कामात घालवायचे. आमच्याकडे आणि अंबरनाथच्या कंपन्यांत कामाला असलेल्या प्रत्येकाकडे एक बाटली असायची. मोरीच्या वर, पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. आत कंपनीतून आणलेलं पातळ ॲसिड. फरशीवरचे डाग, संडास, नळाचा गंज, सगळ्याला तेच. पाहुण्यांना चहा विचारावा तसं लोक एकमेकांना विचारायचे, थोडं देऊ का बाटलीत? शेवाळ ही अप्पांच्या लेखी साधी बाब होती.

"आई यायच्या आत लख्ख करून ठेवू," ते मला म्हणाले. "नंदाचा पायसुद्धा कसा स्वच्छ दिसेल बघ."

मी उंबऱ्यात उभी होते. आत चहा ठेवलेला होता. अप्पांनी बाटली तिरकी केली आणि कोपऱ्यापासूनच सुरुवात केली. सुर्र झालं. पाच बोटांत पांढरा फेस आला, मग टाचेत आला, आणि फेस वर यायला लागला तसे अप्पा खूश झाले.

"बघ, घाण कशी निघतेय!"

त्यांनी ब्रश घेतला आणि घासलं. जोरात, मन लावून घासलं.

"अडे भाऊसाब, ये क्या डाला?" देवी आंटी नाकाला ओढणी लावून बाहेर आल्या. "पत्थर उबल रहा है! पानी डालो, पानी!"

तेव्हा अप्पांचा हात थांबला. मी त्यांचा चेहरा बघितला. रंगाच्या कंपनीतला केमिस्ट, ज्याने हजार वेळा हे परीक्षानळीत पाहिलं असेल, सिमेंटमध्ये चुना असतो आणि चुन्यावर ॲसिड पडलं की काय होतं, तो माणूस फेसाकडे बघत होता. मग ते धावत जाऊन बादली घेऊन आले. पाणी ओतलं. फेस वाहून गेला, शेवाळ गेलं, सिमेंटची वरची कातडी गेली. खाली वाळूचे खरखरीत दाणे उघडे पडले. टाच होती. बोटं नव्हती.

"मी शेवाळ बघितलं गं," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे, मी तेव्हा चौथीत होते. "मी सिमेंट बघितलंच नाही."

आत चहा उतू गेला होता.

आई डोक्यावर नव्या तांदळाचं बोचकं घेऊन आली. बोचकं ठेवलं, पाय धुतले आणि सवयीने कोपऱ्यात बसली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"बोटं कुठायत?"

अप्पांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि बोलून उपयोगही नव्हता. आई रडली, ओरडली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं होतं ना मी बघीन?" असं पुन्हा पुन्हा म्हणाली. देवी आंटींनी तिला पाणी दिलं. शेवटी तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं.

"यापुढे या कोपऱ्याला तुम्ही हात लावायचा नाही."

आणि अप्पांनी लावला नाही. लोकांना वाटेल, नंतर त्यांच्यात अबोला झाला असेल वगैरे. तसलं काही नाही. दिवाळीत चकल्या झाल्या, अप्पांनी पीठ मळून दिलं. पुढे भांडणं झाली, ती मिटली. माझं लग्न झालं. दोघं जोडीने पंक्तीत वाढत होती. पण त्या कोपऱ्याला हात नाही म्हणजे नाही. शेजारीच तुळस, तर तुळशीलाही पाणी अप्पांनी कधी घातलं नाही. आई आजारी असली तर देवी आंटी घालायच्या. एकदा अप्पांच्या हातातला रुमाल उडून तिथे पडला, तर मला हाक मारून उचलायला लावला.

एकच गोष्ट त्यांनी केली. पुढच्या पावसाच्या आधी दाराच्या वर पत्रा ठोकला, चांगला हातभर पुढे काढून, वळचणीचं पाणी गल्लीत पडेल असा. ओट्याला न शिवता. शिडी गल्लीत लावून. आई आतून बघत होती. पहिल्या सरीला ताडताड आवाज सुरू झाला तेव्हा म्हणाली, "आता झोपेचं खोबरं." पण पत्रा काढायला सांगितलं नाही.

मी भूगोल का घेतला असं मला कोणी विचारत नाही, तेव्हा इथे सांगण्यातही अर्थ नाही. एवढं खरं की मला झिजलेल्या गोष्टी बघायची सवय लागली. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरावर मी जाते तेव्हा लोक कोरीवकाम बघतात, मी नाकं बघते. मूर्तींची नाकं, बोटं, फुलांच्या पाकळ्या, जे जे बारीक आणि पुढे आलेलं ते पावसाने कधीच उचललंय. मांड्या, पोटं, खांद्यांचे गोल शाबूत आहेत. काळ्या दगडाची ही कथा, तर आमच्या सिमेंटच्या ओट्याचं काय घेऊन बसलात. अप्पांनी काही केलं नसतं तरी बोटं गेलीच असती. हे मी आईला एकदा सांगून पाहिलं होतं.

"गेली असती," ती म्हणाली. "पण हळूहळू गेली असती. मी रोज बघत राहिले असते ना."



आता दोघंही माझ्याकडे बदलापूरला, सोनिवलीत असतात. तळमजल्याचा फ्लॅट, मागे चार कुंड्या मावतील एवढी मोकळी जागा. कॅम्प पाचचं घर ओळीतल्या सगळ्यांबरोबर बिल्डरला गेलं. यंदा दसरा झाला आणि त्याच्या माणसाचा फोन आला, तोडकाम सुरू होतंय, काही न्यायचं असेल तर न्या. मी आईला विचारलं. पलंग नको, पितळेचा हंडा नको, शिवणयंत्र देऊन टाक म्हणाली. मग म्हणाली, "मने, मला तेवढा तुकडा हवा."

कुठला ते विचारायला मी काही वेडी नाही.

रविवारी मी, आई आणि अप्पा रिक्षा करून गेलो. अप्पांना येऊ नका म्हटलं होतं. ऐंशीच्या घरात गेलेला माणूस, काठी घेऊन चालतो. ऐकतील तर शपथ. गल्लीत अर्धी घरं उघडी पडली होती. देवी आंटींचा मुलगा त्यांना केव्हाच घेऊन गेला, त्यांच्या भिंतीवर फक्त पापडाच्या मसाल्याचे डाग. आमचा पत्रा गंजून त्याची जाळी झाली होती, तरी जागेवर होता. आणि त्याच्याखाली, कोपऱ्यात, टाच.

मी मार्बल कापणाऱ्या एकाला बोलावलं होतं. त्याने ओटा ठोकून बघितला आणि मान हलवली.

"मॅडम, ये माल पूरा भुसभुशीत झाला है. कटर लगाया तो बिखर जायेगा. फोटो निकाल लो."

आईने माझा दंड घट्ट धरला. मी त्याला म्हटलं, बाबा, हळू कर, थोडा मोठा तुकडा घे. तो म्हणाला, मोठा घेतला तर मध्ये तुटेल. त्याचंही खरं होतं. दगडाला भेग जाते ती कमजोर जागेवरून, आणि तिथे सगळीच जागा कमजोर होती. त्याने मशीन चालू केलं. आईने डोळे मिटून घेतले.

"थांब!"

अप्पा गल्लीतूनच ओरडले. ओट्याच्या जवळ आले नव्हते, पलीकडच्या भिंतीला टेकून उभे होते.

"कापू नकोस. त्याच्या खाली काळी फरशी आहे. अख्खी. मी टाकलीय. सिमेंटला हात लावू नको, बाजूने पहार घाल आणि फरशीच उचल."

"कितनी बडी है बाबा?"

अप्पांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. कोपऱ्यातली माती हलेल म्हणून खाली एक शहाबादी टाकावी तशी त्यांनी काळ्या दगडाची फरशी बसवली होती आणि तिच्यावर सिमेंट. गवंड्यापेक्षा जास्त कळतं म्हणून. इतक्या वर्षांत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

पहार शिरली. फरशीची कड दिसली, तशीच निळीकाळी, जशी बसवली असेल तशी. वरचं सिमेंट एका कोपऱ्यात ढासळलं, भुगा होऊन खाली पडलं. आईच्या तोंडून "अगं आई" निघालं. पण टाचेचा भाग फरशीला धरून राहिला. त्याने आणि रिक्षावाल्याने मिळून ती रिक्षात ठेवली, खाली माझी जुनी रजई. अप्पा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मागे जागा होती तरी.

सोनिवलीला आल्यावर मी म्हटलं, आता हिला आत ठेवू. देवघराच्या खाली, ऊन नाही, पाणी नाही. काही होणार नाही. मी शिक्षिका आहे, मला उपदेश आवरत नाही. आईला मी समजावून सांगितलं की बाहेर ठेवलीस तर हिच्यावर थेट पाऊस पडेल, डोक्यावर पत्रा नाही, शेवाळ धरेल, मुळं शिरतील, आणि सिमेंट आधीच मेलेलं आहे. थोडे पावसाळे निघतील, मग टाचही जाईल.

"किती पावसाळे?" तिने विचारलं.

"कोण सांगणार? सात, आठ. फार तर दहा."

आईने स्वतःशीच काहीतरी हिशेब केला. मग हसली. खरंच हसली.

"मला पुरतील की गं," ती म्हणाली. "बाहेरच ठेव. तुळशीपाशी. आत कोंडून काय करू तिला?"

ठेवली. तुळशीच्या कुंडीला लागून, जशी तिकडे होती तशीच. आई खाली बसली, तिला बसायला आता वेळ लागतो, आणि तिने अंगठा फिरवला. टाचेत सगळी तोडकामाची धूळ आणि भुगा भरला होता. ती उठायला गेली, गुडघे वळेनात. मी पुढे झाले, तर तिने मला हातानेच मागे सारलं.

अप्पा मागच्या दारात उभे होते. उंबऱ्याच्या आत, हात पाठीमागे बांधून. तिकडे उभे राहायचे तसेच.

"अहो," आईने हाक मारली. "बघत काय उभे राहिलात? धूळ किती बसलीय हिच्यावर. तांब्या आणा आणि धुऊन काढा जरा."

अप्पांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं. हल्ली कमी येतं. पण आलं होतं. ते आत गेले, नळ सुटल्याचा आवाज आला, आणि भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून, काठीबिठी सगळी आत विसरून, ते बाहेर आले. तुळशीपाशी येऊन थांबले. वाकायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना.

"घाला," आई म्हणाली. "नुसतं पाणी आहे ना?"

"नुसतं पाणी," अप्पा म्हणाले.